६१व्या रस्त्याच्या पलीकडे: शेजारच्याच ब्लॉकमध्ये वेगळं शहर असलेल्या जागी कोण वाढलंय का?

दक्षिणवारा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही शिकागोत हाईड पार्कला राहतो. शहर माहीत नसलेल्यांसाठी थोडं: इथले रस्ते सरळ आखलेले, साधारण आठ ब्लॉक म्हणजे एक मैल. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण टोकाला मिडवे ही लांबलचक हिरवळ आहे. १८९३च्या जागतिक प्रदर्शनातला तो प्रसिद्ध फेरिस पाळणा इथेच उभा होता. पुढे ६०वा रस्ता, मग ६१वा, आणि ६१व्याच्या खाली वुडलॉन. विद्यापीठात नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगतंच, "६१च्या खाली जायचं नाही, कॉटेज ग्रोव्हच्या पलीकडे जायचं नाही." (कॉटेज ग्रोव्ह हा पश्चिमेकडचा रस्ता.) लेखी कुठेही नसतं. आम्हाला सांगणारा तेलुगू मुलगा स्वतःच नुकता आला होता.

रेषेच्या वर गोरे, आशियाई, आपण, आणि बऱ्यापैकी सुस्थितीतले कृष्णवर्णीयही. रेषेच्या खाली जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय, मधेमधे मोकळे प्लॉट, पाट्या ठोकून बंद केलेली घरं, आणि गेल्या काही वर्षांत एकदम महागडे नवे कॉन्डो.

प्रश्न असा. मुलगा पाचवीत आहे. त्याचा वर्गातला जिवलग मित्र ६३व्या रस्त्याजवळ राहतो. तो आमच्याकडे कायम असतो, राहतोसुद्धा. आता त्याच्या वाढदिवसाला आमच्या मुलाला रात्री राहायचं बोलावणं आलंय. नवरा नको म्हणतो. कारण गुन्हेगारी. आकडे खोटे नाहीत, ते मीही वाचलेत. पण चालत दहा-पंधरा मिनिटांवर असलेल्या मित्राकडे का जायचं नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

तर मला आकडेवारी नकोय. अशा रेषेच्या अल्याड किंवा पल्याड जे वाढलेत त्यांनी सांगा. घरच्यांनी तुम्हाला काय सांगितलं होतं? आणि न सांगता काय कळलं होतं?

---

चकलीभंग
पहिला! चिवड्याची वाटी घेऊन बसलोय. शंभरी नक्की.

---

मिरजेचा_तंबोरा
ताई, नवऱ्याचं ऐका. विषय संपला.

आता सविस्तर. मी १९७१ला डेट्रॉइटला आलो, खिशात आठ डॉलर, त्या वेळी सरकार तेवढेच नेऊ द्यायचं. ६७ची दंगल होऊन चार वर्षं झाली होती, जळलेली दुकानं तशीच होती. घर शोधायला निघालो तर एजंट पहिलं वाक्य बोलला: "एट माइलच्या वर बघू." एट माइल रोड ही शहराची उत्तर हद्द. खाली डेट्रॉइट, वर उपनगरं. आम्ही वर घेतलं. मुलं चांगल्या शाळेत गेली, शिकली, मार्गी लागली. आम्हाला कुणी फुकट दिलं नाही. गोऱ्यांनी आमचाही अपमान केलाय, पण आम्ही मान खाली घालून काम केलं. ज्याला शिकायचं तो शिकतोच.

मुलाचा जीव महत्त्वाचा. समाजशास्त्र नंतर.

---

अनुस्वार
काका, जिवाच्या मुद्द्यावर नंतर येतो. आधी तुमच्या एट माइलबद्दल.

त्या रस्त्याच्या जरा दक्षिणेला एक भिंत आहे, बर्वुड वॉल. सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब. १९४१ची. एका बिल्डरला तिथे गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी काळ्यांची वस्ती होती. घरकर्जाला हमी देणारी सरकारी संस्था, एफएचए, म्हणाली की अशा शेजाराला आमची हमी नाही. बिल्डरने मधे भिंत घातली. मग हमी मिळाली. भिंत आजही उभी आहे, काही भागावर चित्रं रंगवलीत.

त्याआधी तिसाच्या दशकात एचओएलसी या दुसऱ्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले होते. हिरवा उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. काळ्यांची वस्ती असली की रंग बहुतेक लालच. त्याच नजरेने बँका आणि एफएचए वागल्या. दोन शेजारच्या ब्लॉकमध्ये एकाच वर्षी बांधलेली सारखी घरं, पण एकाला स्वस्त हप्ता, दुसऱ्याला कर्जच नाही. वंशावरून घर नाकारणं बेकायदा ठरलं १९६८मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात. तोवर एक अख्खी पिढी घर घेऊन मोकळी झाली होती. दुसरी पिढी भाडं भरत राहिली.

आणि तुमची मुलांची "चांगली शाळा". इथे शाळेचा बराच पैसा घरपट्टीतून येतो, म्हणजे महाग घरांच्या गावात श्रीमंत शाळा. डेट्रॉइटच्या शाळांमधलं विभाजन मोडायला उपनगरांनाही सामील करून घ्या, असं खालच्या कोर्टाने सांगितलं होतं. १९७४मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मिलिकन खटल्यात उलटवलं. मुलांची मेहनत होतीच, नाही म्हणत नाही. पण शाळेभोवतीचं कुंपण कोर्टाने शाबूत ठेवलं होतं.

---

शेवग्याची_शेंग
अनुस्वार +१. मी सेंट लुईसची. बाबा पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा मी आठ वर्षांची, म्हणजे मूळ प्रश्नाला थेट उत्तर देऊ शकते.

आमच्याकडे रेषेचं नाव डेलमार. पूर्व-पश्चिम जाणारा मोठा रस्ता, उत्तरेला काळे, दक्षिणेला गोरे. नुसतं म्हणायला नाही, जनगणनेचे आकडेही तसेच. दक्षिणेला काही गल्ल्या चक्क खासगी आहेत: दगडी कमानी, लोखंडी फाटकं, आत शंभर वर्षांपूर्वीचे वाडे. तिथून चालत काही मिनिटांवर उत्तरेला सुंदर विटांची घरं आणि त्यांना छप्पर नाही. लहानपणी मला वाटायचं तिकडे कधीतरी युद्ध झालं असेल.

आईबाबांनी कधीही काही सांगितलं नाही. एक शब्द नाही. फक्त गाडी डेलमार ओलांडायची वेळ आली की आई दरवाज्यांचं कुलूप लावायची. खट्ट. दक्षिणेला परत आल्यावर उघडायची नाही, त्यामुळे आवाज फक्त एकाच बाजूला यायचा. मी तिसरीत असताना माझ्या मैत्रिणीची आई आम्हाला सोडायला निघाली. उत्तरेकडे वळल्यावर तिने कुलूप लावलं नाही, तर मीच माझं लावलं. मैत्रीण शेजारी बसली होती. तिचं घर तिकडेच होतं. तिने बघितलं.

२०२५च्या मे महिन्यातलं वादळ आठवतंय का कुणाला? १६ मे. टोर्नेडो फॉरेस्ट पार्कवरून आला, वाडेही फोडले आणि डेलमार ओलांडून उत्तरेलाही घुसला. वारा दोन्हीकडे तोच. दक्षिणेला काही दिवसांत विम्याची माणसं आली. उत्तरेला कितीतरी घरं आजी-आजोबांकडून आलेली, कर्ज फिटलेली, त्यामुळे विमा घ्या म्हणणारी बँकही नाही. छपरांवर निळी ताडपत्री महिनोन्‌महिने.

(जाता जाता: गोऱ्यांशिवाय कुणाला घर विकायचं नाही असे करार कोर्ट राबवणार नाही, हा १९४८चा शेली खटल्याचा निकाल सेंट लुईसमधल्याच घरावरून लागला. ते घर आजही आहे.)

---

चकलीभंग
कुलपाचा किस्सा वाचून चिवडा घशात अडकला. आमच्याकडे पण आई तेच करायची, फक्त कुर्ल्याला.

---

वरळी_१६०चौफू
बरं झालं कुर्ला निघालं. अमेरिकेचे नकाशे पाहून सगळे हळहळतायत म्हणून विचारतो, आपल्याकडचा नकाशा कुणी काढायचा?

मी बीडीडी चाळीतला. खोली १६० चौरस फूट, म्हणून आयडी. वरळीत चाळींना नावं नव्हती, नंबर होते. नंबर सांगितला की समोरच्याला जात कळायची. जांबोरी मैदान एक, क्रिकेटच्या टीमा दोन. आमचा बॉल "त्यांच्या" चाळीच्या जिन्यात गेला की आणायला कुणाला पाठवायचं हे ठरलेलं असायचं, कुणी ठरवलं होतं माहीत नाही. जानेवारी १९७४ची दंगल माझ्या जन्माआधीची. दलित पँथरची सभा, मग दगडफेक, पोलीस, आणि दहा तारखेला मोर्च्यात पँथरचे भागवत जाधव गेले. वडील सांगायचे की गच्चीवरून पाटे-वरवंटे आले. पाटा-वरवंटा! रोज चटणी वाटायची वस्तू.

पँथर हे नाव कुठून आलं ते इथल्या मंडळींना माहीत असेलच. ऑकलंडच्या काळ्या पोरांनी १९६६मध्ये काढलेला पक्ष, आमच्या पोरांनी सहा वर्षांत मुंबईत नाव उचललं. रेषेखालच्यांना एकमेकांची ओळख लगेच पटते. रेषेवरचे मात्र तिकडे गेले की फक्त गोऱ्यांना ओळखतात.

---

मिरजेचा_तंबोरा
आलं. प्रत्येक धाग्यावर जात आणलीच पाहिजे का?

---

वरळी_१६०चौफू
काका, मी आणली नाही. ती तुमच्याबरोबर विमानातून आली. सिएटल शहराला २०२३मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो काही तिथल्या गोऱ्यांच्या आपसातल्या जातीसाठी नव्हता.

---

दक्षिणवारा
वरळी, तुमचा प्रतिसाद अवांतर अजिबात नाही. माझं माहेर दादरचं. लहानपणी नायगावच्या कोणत्या गल्लीतून शॉर्टकट मारायचा नाही हे मला पाठ होतं. त्यामुळे त्या तेलुगू मुलाने सांगितल्यावर मी "का?" असं विचारलंच नाही. आपल्याला ही भाषा आधीच येत असते, फक्त रस्त्यांचे आकडे बदलतात.

काका, भांडू नका, तुमच्या अनुभवासाठीच धागा काढलाय.

---

उंबरठ्यावरची
मी न्यूयॉर्कला ईस्ट हार्लेममध्ये शाळेत शिकवते. आमची रेषा ९६वा रस्ता. पार्क अॅव्हेन्यूवर उभं राहा आणि उत्तरेकडे बघा. ९६व्यापर्यंत लोकलगाड्या जमिनीखालून जातात, वर ट्यूलिपचे वाफे आणि दारवान. ९७व्याला गाड्या बोगद्यातून बाहेर येतात आणि पुढे दगडी पुलावरून धडधडत जातात, आमच्या मुलांच्या खिडक्यांसमोरून. श्रीमंतांच्या भागात आवाज पुरलाय, गरिबांच्या भागात वर काढलाय.

शाळांचे जिल्हेही तिथेच तुटतात, ९६च्या खाली एक, वर दुसरा. माझ्या वर्गातल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, "९६व्या रस्त्याला झाडं मोठी होतात." तिला म्हणायचं होतं की खाली जावं तशी झाडं मोठी दिसतात. मी वाक्य दुरुस्त केलं नाही.

मुलांना कळत नाही हा गैरसमज आहे. त्यांना सगळं कळतं. कारण तेवढं माहीत नसतं, आणि कारण कुणी सांगितलं नाही तर ती आपल्या मनाने शोधतात. माझी मुलं शोधतात की "आमची माणसं घाण करतात म्हणून." पलीकडची मुलं शोधतात की "आमचे बाबा हुशार आहेत म्हणून." दोघांनाही नकाशाचं कुणी सांगितलेलं नसतं.

---

अनुस्वार
न्यूयॉर्क निघालंच आहे तर. बाबासाहेब कोलंबियात होते १९१३ ते १९१६. विद्यापीठ टेकाडावर, खाली मॉर्निंगसाइड पार्कचा उतार, आणि उताराच्या पलीकडे हार्लेम. काळ्यांची वस्ती म्हणून हार्लेम त्याच काळात भरत होतं. पुढे १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत असं वाचलं, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठी आम्हीही तसा विचार करतोय, अशा आशयाचं. डुबॉइस यांचं उत्तरही आलं.

---

उंबरठ्यावरची
आणि त्याच उतारावर १९६८मध्ये कोलंबिया जिमखाना बांधायला निघालं होतं. सार्वजनिक बागेच्या जागेत. विद्यार्थ्यांचं दार वर टेकाडाकडून, हार्लेमच्या लोकांचं दार खाली, आणि त्यांच्या वाट्याला इमारतीचा छोटा भाग. विद्यार्थ्यांनी इमारती ताब्यात घेतल्या, शेवटी बेत बारगळला. वाड्याला पुढचं दार आणि मागचं दार म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावायला नको.

---

जर्सीचा_गणपत
एक वेगळी बाजू. मी जर्सी सिटीत वाढलो, ऐंशीचं दशक. जर्नल स्क्वेअरजवळ, तेव्हा आपली दुकानं नुकती सुरू झाली होती. १९८७ला डॉटबस्टर्स नावाच्या टोळक्याने वर्तमानपत्राला पत्र पाठवून धमकी दिली की कुंकू लावणाऱ्यांना इथून हाकलू. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारून मारून ठार केलं. माझी आई संध्याकाळी टिकली काढून दुकानात जायची, घरी येऊन परत लावायची.

तेव्हा आमच्या इमारतीच्या जिन्यात बसणारी काळी आणि पोर्टोरिकन पोरं होती. बाबा म्हणायचे त्यांच्याशी बोलू नकोस. पण शाळेतून येताना मागे कुणी लागलं की मी पळत त्या जिन्यापर्यंत यायचो, कारण तिथे पोचलं की कुणी हात लावत नसे. बाबांना हे कधी सांगितलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या: त्या जिन्यात गांजाही विकला जायचा, आणि तो जिना माझ्यासाठी सगळ्यात सुरक्षित जागा होता.

तंबोराकाका, "गोऱ्यांनी आमचाही अपमान केला" हे खरंय. पण आपण अपमान करणाऱ्याच्या शेजारी घर घ्यायला धडपडलो.

---

मिरजेचा_तंबोरा
गणपतराव, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. म्हणून लिहितो, नाहीतर हा धागा सोडला होता.

पहिल्या वर्षी मला खोली कुणी देईना. फोनवर खोली रिकामी, दारात गेलं की भरलेली. शेवटी कारखान्यातल्या एका काळ्या सहकाऱ्याने त्याच्या घराचा वरचा मजला दिला, शहरात, एट माइलच्या खाली. त्याची बायको रविवारी मक्याची भाकरी करायची, आपल्यासारखी नव्हे, केकसारखी, पण पालेभाजीबरोबर चालायची. हुद्दा आमचा सारखा, पगार त्याचा किंचित जास्त. पुढे आम्ही दोघांनीही वरच्या एकाच वसाहतीत घर बघायला सुरुवात केली. मला त्या एजंटने तीन घरं दाखवली. त्याला परत फोनच केला नाही. कायदा तेव्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, अनुस्वार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, मला नकाशे दाखवायची गरज नाही.

पण मला उत्तर द्या. मी काय करायला हवं होतं? घर घ्यायचं नाही? मुलांना पडक्या शाळेत घालायचं? एकट्या माणसाने घर न घेतल्याने कुणाचा फायदा झाला असता?

---

शेवग्याची_शेंग
काका, याचं उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या बाबांकडेही नव्हतं. मीही आज दक्षिणेलाच राहते.

---

वरळी_१६०चौफू
घर घ्यायचं होतं काका. फक्त "ज्याला शिकायचं तो शिकतोच" हे म्हणायचं नव्हतं. तो सहकारी शिकलेलाच होता की.

---

अनुस्वार
शिवाय १९६५च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेने आपल्याकडून निवडून डॉक्टर-इंजिनिअर उचलले. चाळणीतून आलेले लोक इथल्या अख्ख्या समाजाशी स्वतःची तुलना करतात, हे गणितच चूक.

---

चकलीभंग
आता गंभीर झालंय म्हणून एक विचारू? मूळ धाग्यात त्या मित्राच्या आईला कुणी फोन केलाय का? का आपण पस्तीस जण तिच्या घराची चर्चा तिला न विचारता करतोय?

---

दक्षिणवारा
चकलीभंग, नाही केला. मेसेज असतात फक्त.

---

नात_शिकागोची
नमस्कार. माझं लिहिलेलं मराठी कच्चं आहे, आजी तपासून देतेय, सांभाळून घ्या. मी हाईड पार्कमध्येच वाढले. आता तिशी ओलांडली. ही चर्चा आईने पाठवली.

माझा बालपणीचा मित्र कॉटेज ग्रोव्हजवळ राहायचा. तो आमच्याकडे यायचा, मी त्यांच्याकडे जवळजवळ कधीच नाही. मला वाटायचं आमचं घर छान आहे म्हणून. सातवीत असताना लक्षात आलं की तो आमच्या दारात पोचला की आधी आईला फोन करायचा, आणि निघतानाही करायचा. मी चिडवायचे, "मम्माज बॉय." त्याने एकदा सांगितलं की मम्मीला भीती वाटते. कशाची? तर आमच्या बाजूची. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस आहेत, ३७व्यापासून ६४व्या रस्त्यापर्यंत गस्त घालतात. त्याला त्यांनी आमच्याच कोपऱ्यावर थांबवून विचारलं होतं, कुठे चाललास. बारा वर्षांचा होता. पाठीवर दप्तर, हातात आमच्याच आईचा डबा, धुऊन परत द्यायला आणलेला. मी त्याच कोपऱ्यावरून हजार वेळा गेले असेन, मला कुणी विचारलं नाही.

म्हणजे दक्षिणवारा मावशी, तुमच्याकडे जो मुलगा "कायम असतो, राहतोसुद्धा", त्याच्या आईने तो निर्णय घेतलाय. तुमचा नवरा आज जो विचार करतोय तो तिने कधीच करून झालाय, आणि तरी पाठवते.

दुसरी आठवण ऑगस्ट २०१०ची. मी हायस्कूलमध्ये होते. डेमियन टर्नर नावाच्या १८ वर्षांच्या मुलाला ६१ आणि कॉटेज ग्रोव्हच्या जवळ गोळी लागली. विद्यापीठाचं मोठं रुग्णालय तिथून काही ब्लॉकवर. पण मोठ्यांसाठीचं ट्रॉमा सेंटर, म्हणजे गंभीर जखमींवरच्या उपचारांचा विभाग, त्यांनी १९८८मध्ये बंद केलं होतं, म्हणून रुग्णवाहिका त्याला कित्येक मैल दूर डाउनटाउनकडे घेऊन गेली. तो गेला. तो स्वतः वुडलॉनच्या तरुणांच्या संघटनेत होता. त्याच्या मित्रांनी आणि आईने वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि २०१८मध्ये ट्रॉमा सेंटर परत सुरू झालं. माझ्या बाबांना जिथे छातीत दुखलं तेव्हा पाच मिनिटांत नेलं, ते रुग्णालय हेच. दोन्ही बाजूंना अंतर तेवढंच होतं.

लहानपणी गुन्हेगारीबद्दल आम्हाला सगळे सांगायचे. एक रेषा आखून मग तिच्या पलीकडून कर्जं, शाळा, डॉक्टर काढून घेतले तर काय होईल, हे कुणी सांगितलं नाही. वुडलॉनमध्ये १९६०ला ८० हजारांवर लोक होते, मी शाळेत असताना २५ हजारांच्या आसपास उरले होते. २०१३मध्ये शिकागोने एका दमात सुमारे ५० शाळा बंद केल्या, बहुतेक काळ्या वस्त्यांतल्या. हाईड पार्कच्या रस्त्यावर मला त्याची कुजबुजही ऐकू आली नाही.

---

उंबरठ्यावरची
नात, आजीला सांग मराठी उत्तम आहे. डब्याची गोष्ट मी वर्गात वाचून दाखवू का?

---

नात_शिकागोची
वाचा की. आजी विचारतेय डबा कसला होता ते पण सांगा. उपमा.

---

पुण्याची_पेठ
सगळं वाचलं. भावना समजल्या. तरी मी पाठवणार नाही. इतिहास कुणामुळे घडला यावर गोळीची दिशा बदलत नाही. माझं मत स्वार्थी वाटेल, वाटू द्या.

---

दक्षिणवारा
पेठ, तुमचं मत स्वार्थी नाही, माझ्या नवऱ्याचं तेच आहे आणि मी त्याच्याबरोबर राहते. :)

तर अपडेट. फोन केला. अर्धा तास बोललो. पहिला प्रश्न तिनेच विचारला: "तुमच्या घरात बंदूक आहे का? इतके दिवस विचारायचं राहिलं होतं." इथे आईबाप हे विचारतात, हे मी ऐकून होते, मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं, मग मीही विचारलं, तिनेही नाही म्हटलं. मग कुत्रा, मग शेंगदाण्याची अॅलर्जी. घर तिच्या सासूबाईंचं, ब्लॉकवर सगळे एकमेकांना तीस-चाळीस वर्षं ओळखतात, उन्हाळ्यात समोरच्या पायऱ्यांवर कुणीतरी म्हातारं बसलेलंच असतं. कोणता कोपरा रात्री टाळायचा हेही तिने न लाजता सांगितलं. आमच्या "६१च्या खाली" पेक्षा ते कितीतरी नेमकं होतं.

नवरा म्हणाला तो आधी ६१व्यावरच्या शनिवारच्या बाजारात त्यांना भेटेल. तिथे भेंडी चांगली मिळते, त्यांच्याकडेही भेंडी घरची. त्याने रात्री राहायला अजून हो म्हटलेलं नाही. संध्याकाळपर्यंत पाठवायला तयार आहे. आमचं भांडण चालू आहे.

तिची खरी काळजी मात्र भलतीच निघाली. जवळच ओबामा सेंटर, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या नावाचं केंद्र, येणार हे ठरल्यापासून आजूबाजूची घरं लाखांत विकली जातायत आणि सासूबाईंची घरपट्टी चढतेय. ज्या भागात कर्ज मिळत नव्हतं तिथे घर टिकवलं, आता कर परवडत नाही म्हणून विकायचं का, असं त्या म्हणतात.

---

चकलीभंग
म्हणजे आधी रेषेने अडवलं, आता रेषाच खाली सरकतेय.

---

मिरजेचा_तंबोरा
दक्षिणवारा, घरपट्टीच्या मूल्यांकनावर शिकागोच्या कुक काउंटीत अपील करता येतं, वकील लागतोच असं नाही. मुदत टाउनशिपप्रमाणे असते, ती आधी बघा. ज्येष्ठांना सवलतीही आहेत, त्या आजींनी घेतल्यात का ते विचारा. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना अर्जच माहीत नसतो. मी इकडे मिशिगनमध्ये निम्म्या गल्लीची अपीलं भरून दिलीत. शेजारच्या तशाच घरांचं मूल्यांकन काढायचं आणि समोर ठेवायचं, एवढंच काम. त्यांची हरकत नसेल तर नोटीस स्कॅन करून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री बघतो.